जुनं डिझेल इंजिन, गंज आणि हीटप्रूफचा डबा

"इंजिन रंगवायचंय" असं पेंटच्या दुकानात नुसतं म्हणून बघा. काउंटरवरचा माणूस पुढचं काही ऐकून न घेता हीटप्रूफ सिल्व्हरचा डबा काढून समोर ठेवतो. बोहरी आळीत मी उभा होतो तेव्हाही तेच झालं. "साहेब, ६०० डिग्रीपर्यंत काही होत नाही याला, डोळे झाकून न्या." आता तो खोटं बोलत नव्हता, ६०० डिग्रीला खरंच काही होत नाही त्या रंगाला. लोचा होतो तो ७०-८० डिग्रीला.

त्याचं असं आहे की हीटप्रूफ रंगात जे सिलिकॉन रेझिन असतं ते साधारण २०० डिग्रीच्या आसपास तापल्याशिवाय पक्कं होतच नाही. वरवर वाळतं, बोट लावलं तर चिकटत नाही, म्हणून आपल्याला वाटतं झालं काम. सायलेन्सरवर मारलं तर इंजिन चालू केल्यावर ते आपोआप भाजून निघतं आणि मग घट्ट बसतं, तिथे तो रंग राजा आहे. पण पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा ब्लॉक कधी २०० डिग्री बघतच नाही, कारण आत पाणी खेळतंय. विहिरीवरच्या इंजिनात तर बऱ्याचदा पंपाचंच गार पाणी एकीकडून आत जातं आणि कोमट होऊन दुसरीकडून बाहेर पडतं. अशा ब्लॉकवर हीटप्रूफ सिल्व्हर जन्मभर कच्चाच राहतो, आणि एक दिवस डिझेलची पाइप गळते, तुम्ही फडक्याने पुसता आणि फडक्यावर सगळी चांदी येते. खाली उघडं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. मग पाऊस आहेच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या मामाने पौडच्या पुढे, त्याच्या शेताशेजारच्या गावातून एक सेकंडहँड किर्लोस्कर घेतलं. एव्ही वन, ५ हॉर्सपॉवर, १५०० आरपीएम, हँडल मारून चालू करायचं. १९४६ साली खडकीला कारखाना काढल्यापासून या कंपनीची इंजिनं आपल्याकडे इतकी पसरली की आमच्या मावळपट्टीत कुणी डिझेल इंजिन म्हणतच नाही, किर्लोस्करच म्हणतात. आता सोलर पंप आले, मागेल त्याला सौर पंपवाली योजना आली, त्यामुळे चांगली चालू इंजिनं गोठ्यात पडून राहतात आणि स्वस्तात मिळतात. मामाला ते हवं होतं कडबाकुट्टीसाठी आणि लाइट गेली की विहिरीवर. आतून इंजिन ठणठणीत होतं, कॉम्प्रेशन चांगलं, दोन हँडलात चालू. बाहेरून मात्र बघवत नव्हतं. म्हणून ते टेम्पोत घालून माझ्याकडे वारज्याला आणलं, कारण माझ्याकडे ग्राइंडर आहे आणि (मामाच्या मते) रिकामा वेळ आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते उतरवल्यावर चेअरमन काकांनी आधी विचारलं की जनरेटर बसवताय का, तशी परवानगी लागते. नाही म्हटलं काका, फक्त रंग देणार आहे. "किती दिवस?" हा खास आपला प्रश्न. बघू म्हटलं.

तर गंज. मामाच्या इंजिनाची एक बाजू साधारण गंजलेली होती, म्हणजे वरवर तांबडी, आणि दुसऱ्या बाजूचे पापुद्रे निघत होते, खाली खड्डे. आधी मला वाटलं त्या बाजूने पत्र्याचं पाणी गळत असणार. मग आधीच्या मालकाला फोन लावला तर म्हणाला पाणी नाही हो, पण तिकडं खताची थप्पी असायची. कळलं. पोटॅश म्हणून आपण जे पोत्यातून आणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याची धूळ लोखंडावर बसते आणि मग गंजाला पावसाची पण वाट बघावी लागत नाही. इंजिन आणि खत एका शेडमध्ये ठेवू नका, एवढं जरी केलंत तरी निम्मा रंग वाचेल. खताच्या बाजूचं लोखंड नुसतं घासूनही भागत नाही कारण ते क्षार खड्ड्यांच्या तळाशी बसलेले असतात, वरून रंग मारला की काही महिन्यांत तिथेच फोड येतात. त्यामुळे ती बाजू घासून झाल्यावर गोड्या पाण्याने परत परत धुतली, घासली, परत धुतली. पार्किंगमधला नळ वापरला म्हणून दुसऱ्या मजल्यावरून टोमणा आला तो वेगळा.

इथे बरेच जण सांगतात की कशाला घासत बसतो, भोसरीला नेऊन सँड ब्लास्टिंग (हवेच्या जोरावर बारीक कच मारून सफाई) करून घे, अर्ध्या तासात पांढरं करून देतात. सुटे पार्ट असतील तर जरूर करा, त्याच्यासारखी सफाई हाताने होत नाही. पण जोडलेलं चालू इंजिन ब्लास्टिंगला द्यायचं म्हणजे वेडेपणा आहे. ती कच ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकातून), डिपस्टिकच्या भोकातून, ऑइल सीलच्या ओठाखालून कुठूनही आत जाते, तुम्ही कितीही टेप लावा. नंतर ती ऑइलमध्ये फिरते आणि बेअरिंग, लायनर सगळं खाते. पावडर कोटिंगचंही तसंच, त्याला भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजावं लागतं, म्हणजे गार्ड आणि ब्रॅकेट ठीक, पण सील आणि गास्केटसकट इंजिन भट्टीत जात नाही.

मग उरतं ते हाताने. माझा क्रम असा होता की आधी तेलकटपणा काढायचा आणि मगच गंज. उलटं केलं तर वायर ब्रशने तुम्ही ते तेल गंजाच्या खड्ड्यांमध्ये छान चोळून बसवता. बीड हा प्रकारही विचित्र आहे, त्यात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात आणि वर्षानुवर्षं ऑइल गळलं असेल तर ते मुरतं, आज पुसून कोरडं केलं आणि उन्हात ठेवलं की तासाभरात परत घाम फुटल्यासारखं तेल वर येतं. त्यावर उपाय एकच, परत धुवा. पहिला हात डिझेलने किंवा रॉकेलने, चिकट काळा थर पत्र्याच्या पट्टीने खरवडून. पण डिझेल स्वतःच तेल आहे, त्याने धुतलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही. नंतर कडक गरम पाणी आणि कपड्यांची पावडर, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं करून थिनरचं फडकं, आणि फडकं बदलत राहायचं, नाहीतर तुम्ही तेच तेल सगळीकडे वाटत बसता. कॉस्टिक सोडा वापरा म्हणून एकाने सल्ला दिला होता, तो बिडाला चालतो पण तुमच्या इंजिनावर ॲल्युमिनियमचं काही असेल, एखादं कव्हर वगैरे, तर कॉस्टिक ते खाऊन टाकतं. मी त्या वाटेलाच गेलो नाही.

स्वच्छ झालंय का हे बघायला मस्त साधी युक्ती आहे. धुतल्यावर ब्लॉकवर तांब्याने पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन फुटलं तर तिथे अजून तेल आहे. या टेस्टमध्ये फ्युएल पंपाच्या खालची जागा दर वेळी नापास व्हायची, आणि ते बरोबरही होतं कारण तिथून डिझेल झिरपत होतं. म्हणजे आधी तो पाइपच्या जोडाचा, युनियनचा वायसर बदला, मग रंगाचं बघा. गळणाऱ्या जागेवर जगातला कुठलाही रंग टिकत नाही.

गंजासाठी ग्राइंडरला वायर कप, कोपऱ्यांना हातब्रश, आणि पापुद्रे काढायला छिन्नीने हलके ठोके. गॉगल लावाच, त्या कपाच्या तारा सुटून उडतात. जे खड्ड्यात खोल बसलंय तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला, फॉस्फोरिक ॲसिडवाला. तो तांबड्या गंजाचं काळपट फॉस्फेट करतो. दुकानात सांगतात की नुसतं गंजावर मारा आणि विसरून जा, तसं नसतं. पापुद्र्यावर मारलं तर वरचा पापुद्रा काळा होतो, खालचा लाल तसाच राहतो, आणि नंतर रंगासकट निघून येतो. शिवाय उरलेलं ॲसिड धुऊन कोरडं केलं नाही तर वरचा एपॉक्सी नीट धरत नाही.

जुना रंग घासताना एक काळजी घ्या. पूर्वी लोखंडाला जो लाल प्रायमर मारायचे त्यात शिसं असायचं, मारुतीला लावतात तोच शिशाचा शेंदूर तेलात कालवलेला. गंज रोखायला एक नंबर, माणसाला वाईट. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू, आणि मशिनरीचे रंग तर त्या नियमात येतही नाहीत. म्हणजे जुन्या इंजिनावरच्या थरात काय आहे ते सांगता येत नाही. वॉटर पेपरने ओलं घासा, चांगला मास्क लावा, आणि ते पाणी तुळशीच्या कुंडीत ओतू नका. पार्किंगमध्ये खेळणारी पोरं मी त्या वेळात हाकलून लावली, त्यांच्या आयांना वाटलं मी खडूस आहे.

आजचा साधा रेड ऑक्साइड म्हणजे तो शेंदूर नव्हे. हे फार लोकांना माहीत नसतं. रंग लाल म्हणून काम तेच असं वाटतं, पण रेड ऑक्साइड म्हणजे नुसती लोखंडाच्या ऑक्साइडची पूड, ती पाणी अडवते थोडंफार, गंजाला स्वतःहून रोखत नाही. खिडकीच्या गजांना ठीक आहे. इंजिनाला मी टू-पॅक एपॉक्सी प्रायमर घेतला (रंग एका डब्यात, तो पक्का करणारा हार्डनर दुसऱ्या, वापरताना मिसळायचे), झिंक फॉस्फेटवाला. झिंक फॉस्फेट गंजाची प्रक्रिया खरोखर मंदावतं, आणि एपॉक्सी डिझेलला, ऑइलला दाद देत नाही, ब्लॉकच्या तापमानाला तर अजिबात नाही. साधा सिंथेटिक इनॅमल दिसायला चकचकीत दिसतो पण डिझेलने मऊ पडतो, दोन वर्षांत टाकीखालचा भाग च्युइंगगम होतो. किंमत बघाल तर एपॉक्सी महाग आहे, पण एका इंजिनाला लागतो किती, लिटरभर सुद्धा नाही. माझे जास्त पैसे थिनर, वायर कप आणि पॉलिश पेपरवर गेले.

मामा हे सगळं फोनवर ऐकून म्हणाला, "आरं रंगच मारायचाय न्हवं, त्याला कशाला एवढं सोपस्कार?" मामा, कल्हईवाला सुद्धा आधी भांडं घासतो, म्हटलं. त्यावर तो म्हणाला कल्हईवाला संध्याकाळपर्यंत भांडं परत देतो. बरोबर आहे त्याचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय रंगवायचं नाही. इंजिन नंबरची प्लेट, ऑइलची डिपस्टिक, ब्रीदरचं भोक, फ्लायव्हीलवरच्या टायमिंगच्या खुणा, पट्टा जिथे फिरतो तो भाग, रबरी सील, हे सगळे झाका. पण खरी भीतीची जागा म्हणजे फ्युएल पंपाची रॅक आणि गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग काबूत ठेवणाऱ्या भागाची, लिंक. ती एक छोटीशी दांडी असते, डिझेल किती जायचं ते तिच्या सरकण्यावर ठरतं. तिच्यावर रंग ओघळला आणि ती फुल डिझेलच्या बाजूला चिकटून बसली तर इंजिन पळत सुटतं, गव्हर्नर ओढतोय पण दांडी हलत नाही, आणि १५०० ची मशीन कुठच्या कुठे जाते. जड फ्लायव्हील असलेलं इंजिन असं पळणं हा चेष्टेचा विषय नाही, फ्लायव्हील फुटून माणसं मरू शकतात. मी ती जागा टेपने गुंडाळली, वर प्लास्टिक बांधलं, आणि रंग झाल्यावर चालू करायच्या आधी हाताने लिव्हर पुढेमागे करून दांडी मोकळी सरकते का ते बघितलं. कुणी रंगारी आणून स्प्रे मारून घेणार असाल तर त्याच्या शेजारी उभे राहा, त्याला बिचाऱ्याला दांडी काय आणि बोल्ट काय, सगळं सारखंच.

स्प्रे की ब्रश? माझा प्रश्न शेजारच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीने सोडवला. स्प्रेची धूळ कुठवर जाईल याची गॅरंटी नाही, आणि टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची वाफ आणि फवारा छातीत गेला तर कायमचा दमा लागू शकतो, नाकाला रुमाल बांधून ते भागत नाही. ब्रशने काम हळू होतं पण जाड बसतं, बिडाच्या खडबडीत अंगात तो रंग कोंबून घालता येतो. उलट स्प्रे वरच्या वर पसरतो आणि खड्डे तसेच ठेवतो. फक्त पहिल्या हाताआधी कडा, बोल्टची डोकी आणि फिन्सची टोकं छोट्या ब्रशने वेगळी करून घ्या. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो आणि गंज नेहमी धारेवरूनच सुरू होतो, तुमच्या घराच्या ग्रिलकडे बघा, पटेल.

एपॉक्सी आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळा, अंदाजपंचे नाही, "जरा हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळेल" हा प्रकार इथे चालत नाही. एकदा मिसळलं की काही तासांत वापरावं लागतं म्हणून थोडं थोडं कालवा. दोन हात प्रायमर, आणि वर पीयू, कारण एपॉक्सी उन्हात भुरा पडतो, बोट फिरवलं की पावडर निघते. शेडमधल्या इंजिनाला एपॉक्सीचाच वरचा कोट चालेल, पण मामाचं इंजिन निम्मा वेळ विहिरीच्या काठावर उन्हात असणार. मामाला पोपटी रंग हवा होता. मी फिकट राखाडी दिला. फिकट रंगावर ऑइलची गळती लगेच दिसते, कुठल्या बोल्टपासून सुरू झाली ते सुद्धा दिसतं. काळ्या किंवा गडद हिरव्या इंजिनावर तळाशी डबकं साचेपर्यंत कळत नाही. पोपटी रंगाचं फक्त एअर क्लीनरचं टोपण केलं, घरात शांतता राहावी म्हणून.

पुण्याची हवा या कामात मोठी पार्टी आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हा उद्योग काढू नका. घासून पांढरं केलेलं बीड जुलैच्या हवेत काही तासांत परत तांबूस होतं, आणि पाऊस पडत नसला तरी दमट हवेत गार लोखंडावर न दिसणारं दव असतंच. इंडस्ट्रीत नियम आहे की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको आणि लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री गरम हवं. घरी कोण मोजणार, पण त्याचा अर्थ एवढाच की पहाटे किंवा संध्याकाळी रंगवू नका. मार्च-एप्रिल उत्तम, पण एप्रिलच्या दुपारी उन्हात नाही, तापलेल्या बिडावर थिनर इतका पटकन उडतो की रंगाला टाचणीएवढी भोकं पडतात. सावलीत, सकाळी दहानंतर. आणि घासलेल्या जागेला त्याच दिवशी प्रायमर, रात्रभर उघडं ठेवायचं नाही, उघड्या हाताने शिवायचंही नाही, घामात मीठ असतं.

सायलेन्सरला मात्र तो बोहरी आळीचा हीटप्रूफ डबाच लागला, तेव्हा दुकानदाराचं गिऱ्हाईक काही बुडालं नाही. तिथे खाली प्रायमर नको, तो जळतो आणि वरचं सगळं घेऊन निघतो. नुसत्या घासलेल्या लोखंडावर दोन पातळ हात. मग इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा, गार होऊ द्या, परत जरा जास्त चालवा. पहिल्यांदा धूर आणि वास येतो, घाबरायचं नाही. हे मी पार्किंगमध्ये केलं नाही, तेवढी अक्कल आहे, ते पौडला गेल्यावर केलं.

डिझेलची टाकी बाहेरून एपॉक्सी, आतून काहीच नाही. आतून रंग मारला की तो डिझेलने सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. टाकी आतून गंजते ती तळाच्या पाण्याने, त्यामुळे तळाचा गाळ अधूनमधून काढून टाका आणि हंगाम संपला की टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरतं. आणि टाकीला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावायचं नाही, कितीही धुतलेली वाटली तरी.

पक्कं व्हायला आठवडाभर द्यावा लागतो, त्याआधी पाना घसरला की चरा पडतो. मामाकडे इंजिन पोचलं तेव्हा उतरवतानाच एका कोपऱ्यावर दगड लागून टवका उडाला, मग उरलेल्या प्रायमरची छोटी बाटली आणि हार्डनर तिथेच ठेवून आलो, टवका दिसला की घासून लगेच ठिपका लाव म्हणून. ताडपत्रीने घट्ट गुंडाळून ठेवायची त्याची सवय होती, ती मोडायला सांगितलं, आत वाफ कोंडते आणि खालून गंज धरतो. वर पत्रा, बाजू मोकळ्या, आणि इंजिन दोन लाकडी ओंडक्यांवर, जमिनीवर नाही. पोटॅशची पोती आता घराच्या मागच्या खोलीत गेलीत, मामी नाराज आहे.

त्यांच्या शेजाऱ्याने ते राखाडी इंजिन बघितलं आणि आता त्यालाही त्याचं रंगवून हवंय, लगेच, पेरणीच्या आधी. त्याला सांगितलंय दिवाळीपर्यंत थांब, तोवर तेलकटपणा धुवायला सुरुवात कर, आणि पंपाची गळती काढून घे.